मांडवीचं लेकरू

चांगुणाला बाळंतपणाला घरी आणायचं होतं, एवढंच काम होतं.

मी तेव्हा एसटीत कंडक्टर होतो, हिंगोलीला. चौऱ्याहत्तर साल. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. रजा टाकली, आईनं बांधून दिलेले तिळाचे लाडू घेतले आणि बहिणीच्या सासरी, बोरजईला गेलो. पूर्णेवर धरण झालं तेव्हा जी गावं उठून पाण्याच्या दक्षिण काठाला टेकड्यांवर जाऊन बसली, त्यांतलं हे अगदी टोकाचं. आमची वस्ती दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीजवळ. मधे रस्ता असा नव्हताच. बैलगाडीनं डोंगराला वळसा घालायचा तर आठवा महिना सरत आलेल्या बाईचे हाल झाले असते. म्हणून आम्ही नावेनं निघालो.

नाव उकंडराव भोयांची. डांबर फासलेली, लांबरुंद, जुनी. ते काठाकाठानं सगळी गावं घेत जायचे. गावाच्या खाली नाव लावायची, दुधाच्या बरण्या नाहीतर कोंबड्यांची डालगी चढवायची, वर जाऊन कुणाच्या तरी चुलीपाशी चहा घ्यायचा, दोन गोष्टी सांगायच्या, दोन ऐकायच्या, मग पुढचं गाव. सकाळी निघालं की दिवेलागणीच्या आत भिंत दिसायची. संक्रांतीचा बाजार उरकल्यामुळे त्या दिवशी नावेत आम्ही दोघंच होतो. गोधडीची घडी घालून मी चांगुणाला मधल्या फळीवर बसवलं.

"दादा, हे तं राणीवानी झालं," ती म्हणाली.

"राणी, हात आत घे," उकंडराव वल्हं मारता मारता म्हणाले. "पाणी बेकार थंड हाये."

ती हसली, पण तिनं हात काही काढला नाही. लहानपणापासून तिचं असंच. आम्ही दोघं नदीकाठी वाढलो. धर्मांतराच्या वर्षी वडिलांनी घरातले देव एका फडक्यात बांधून याच पूर्णेत सोडले, आणि भुताखेतांनाही त्यांच्याबरोबर रवाना केलं असं ते हसून सांगायचे. अमावास्या, उतारा, बाहेरची बाधा, यातलं आमच्या घरात काहीच नव्हतं. ते मी आधीच सांगून ठेवतो.

दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. आभाळ मात्र भरून आलं होतं. पौषातलं राखाडी आभाळ, ऊन नाही, सावली नाही. पाण्यात बुडून वाळलेली बाभळीची झाडं जागोजाग उभी होती, त्यांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. नाव जवळून गेली तरी ते उडत नव्हते.

नव्या मांडवीला नाव लागली. उकंडरावांना वर कुणाला तरी गुळाची ढेप पोचवायची होती. चांगुणाला चहा पाहिजे होता. तिला टेकडी चढवायला नको म्हणून मी लोटी घेऊन त्यांच्या मागं गेलो. फार वेळ लागला नाही. परत आलो तर नावेत चांगुणाशेजारी एक म्हातारी बसलेली.

पांढरं डोकं, हातात बांगडी नाही, मळकं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. नावेत चढताना भिजली असेल असं मला वाटलं. तिचा एक हात चांगुणाच्या पोटावर होता. दिवसभर धुणं धुतलं की बोटं कशी पांढरी पडतात, सुरकुततात, तशी तिची बोटं होती.

मला वाटलं, ही उकंडरावांची नेहमीची उतारू. पुढं कळलं की उकंडरावांना वाटलं होतं, ही आमच्यापैकी कुणी. त्यामुळे कुणीच काही विचारलं नाही, आणि नाव निघाली.

"कितवा?" म्हातारीनं विचारलं.

"आठवा सरून राहिला."

"न्हाई. दिवस भरलेत." ती हात फिरवत राहिली. तिच्या अंगाला ओव्याचा वास येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, गाळाचा. "दोन हायेत, बाई."

चांगुणा माझ्याकडं बघून हसली. "ऐकलं का दादा? दोन म्हन्तेत."

"तुमी सुईण का, आजी?" मी विचारलं.

"व्हय. बलावणं आलंय एका घरचं. बाई अडून पडलीय."

"कोणत्या गावची?"

तिनं पाण्याकडं बघितलं. "हे काय, आलंच आता."

उकंडरावांनी वल्ही वर उचलून घेतली होती आणि डोळे मिटून ती कपाळाला लावली होती. धरणात बुडालेली जुनी मांडवी इथंच, नावेच्या खाली होती. वरून जाताना ते नेहमी असं करायचे. डोळे उघडल्यावर त्यांनी म्हातारीकडं पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते वल्ही जोरात मारायला लागले.

तेवढ्यात वारा सुटला. आणि चांगुणानं माझा दंड घट्ट धरला.

"दादा... कळ आली."

"प्रवासानं असंल."

"न्हाई दादा." तिच्या कपाळावर घाम फुटला होता. "ही वायली हाये..."

पुढचा थांबा लमाणांचा तांडा होता. तिथं पोचलो असतो तर घरं होती, बाया होत्या. उकंडराव जिवाच्या आकांतानं नाव वल्हवत होते, पण वारा तोंडावर होता आणि तांड्याची टेकडी होती तिथंच राहत होती. आभाळ आणखी खाली आलं. काठ दिसेनासा झाला. चांगुणा ओठ चावून कण्हत होती, आणि म्हातारी तिच्या कमरेला हात देऊन शांत बसलेली.

"तिकडं घ्या," ती म्हणाली. "उजेड दिसून राहिला."

खरंच उजेड होता. धुरकट, एका दिव्याचा. नाव आपोआपच तिकडं वळल्यासारखी वळली आणि दगडाला लागली. पाण्यातून दगडी पायऱ्या वर गेल्या होत्या. वर एक धाब्याचं घर, दारात चिमणी जळत होती.

उकंडराव माझ्या कानाशी आले. "अमृतराव... ह्या काठाला पायऱ्या न्हाईत."

"मंग ह्या काय हायेत?"

त्यांनी बांबू चिखलात रोवला, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि म्हणाले, "मी नाव सोडनार न्हाई. तुमी तिथलं कायी खाऊ नका. पानी बी नका घेऊ..."

मला त्या वेळी त्यांचा राग आला. बहीण माझ्या अंगावर कोसळत होती. मी तिला उचललं आणि वर नेलं. दारात तीन-चार बाया उभ्या होत्या, पदर तोंडावर ओढलेल्या. त्यांनी चांगुणाला माझ्याकडून घेतलं आणि दार लोटलं.

मी ओट्यावर टेकलो. आतून गरम पाण्याचा आवाज, ओव्याच्या धुरीचा वास. बाळंतिणीच्या घरात असतं तेच सगळं. जीव थोडा थाऱ्यावर आला. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. वाऱ्यानं माझी टोपी उडत होती आणि दारातल्या चिमणीची ज्योत जरासुद्धा हलत नव्हती. मागं टेकलो ती भिंत ओली होती, नुसती ओली नाही, दाबली तर बोट आत जाईल अशी. गावात कुत्रं भुंकत नव्हतं. जनावर हंबरत नव्हतं. आतल्या बाया एकमेकींशी बोलत होत्या, पण एक शब्द कळत नव्हता. पाण्यात डोकं बुडवून काठावरचं बोलणं ऐकावं, तसं.

मग लेकरू रडलं.

मी उठून उभा राहिलो. डोळ्यांत पाणीच आलं. आणि तो आवाज थांबायच्या आत दुसरा आला, जरा बारीक. दोन आवाज. एकमेकांवर चढणारे. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पुष्कळ वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात एक गाठोडं होतं.

"पोरगी हाये. धर."

मी घेतली. गरम, जिवंत, लालभडक. "आन दुसरं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. तेच मला आजही सोसत नाही.

"दुसरं आमच्यात राहू दे, बाबा. लई वर्स झाली... गावात लेकरू न्हाई."

"काय बोलता आजी? कुटं हाये ते? आना इकडं."

"तुला एक दिलं की."

मी तिला बाजूला सारून आत घुसलो. आत अंधार होता आणि पायांखाली पाणी होतं, घोट्याइतकं. चांगुणा उंबऱ्याला टेकून बसली होती, केस मोकळे, डोळे अर्धे मिटलेले. लेकराचा आवाज पुढच्या खोलीतून येत होता. मी पुढच्या खोलीत गेलो. पाणी गुडघ्याला लागलं. आवाज त्याच्या पुढच्या खोलीतून यायला लागला. तिथं पाणी कमरेला आलं. छातीशी भाची, दुसऱ्या हातानं मी भिंत चाचपत होतो आणि तो बारीक आवाज... आता तो पुढून येत नव्हता. खालून येत होता.

मी गेलो असतो. खरंच गेलो असतो. पण मागून चांगुणानं हाक मारली.

"दादा, मी बुडून राहिले..."

वळलो. पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. भाची एका काखेत, बहीण दुसऱ्या. बाहेर आलो तेव्हा ओटा नव्हता, पायऱ्या नव्हत्या. उकंडरावांनी बांबू सोडून माझी कॉलर धरली आणि तिघांनाही ओढून नावेत घेतलं. मी मागं पाहिलं. पाण्यावर तो उजेड तेवढा होता. मग तो खाली खाली जात गेला, विहिरीत कंदील सोडावा तसा, आणि दिसेनासा झाला.

वारा थांबला होता. तांडा बांबूभर अंतरावर होता.

तांड्याचा प्रमुख वसराम नाईक, त्याच्या म्हाताऱ्या आईनं चांगुणाला घोंगडीत गुंडाळलं, शेकलं, तपासलं. ती स्वतः बाळंतपणं करायची. बाहेर येऊन म्हणाली, "बराबर केलंय. लई जाणत्या हातानं केलंय. पन पोटात दोन व्हते. एक कुटं हाये?"

तिनं भाचीची नाळ दाखवली. ज्या दोऱ्यानं बांधली होती तो शेवाळून हिरवा पडला होता. म्हातारीनं तो काढून आपला दोरा बांधला आणि जुना चुलीत टाकला. तो पेटला नाही. निखाऱ्यावर नुसता सुं सुं करत पडून राहिला.

वसराम नाईकानं तेव्हा सांगितलं. धरणात पाणी अडवलं त्या वर्षी मांडवीची माणसं गाड्या भरून वर गेली. एका घरात सून अडली होती, लेकरू आडवं आलं होतं. हलवता येईना. सुईण जनकाबाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मोकळी झाली की मी घेऊन येते. घरच्या बायाही तिच्याजवळ थांबल्या. रात्रीतून पाणी वाढलं. सकाळी गडीमाणसं परत आली तर टेकडीवरून गावच दिसलं नाही.

"मंग ते लेकरू?" मी विचारलं.

"ते झालंच न्हाई ना," वसराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तांड्यातली पोरं घेऊन मी त्या जागेवर गेलो. उकंडराव आले नाहीत. त्यांनी पुन्हा कधीच त्या बाजूला नाव घातली नाही. आम्ही बांबू पाण्यात सोडला. तो दगडाला लागला. जरा पुढं सरकवला, तर त्याहून खालच्या दगडाला. आणखी पुढं, आणखी खाली. पायऱ्याच होत्या त्या. सगळा बांबू आत गेला तरी संपत नव्हत्या. एका पोरानं पाण्यात उडी मारली आणि लगेच वर आला. पाणी गरम आहे म्हणाला. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्याएवढं. मग कुणीच उतरलं नाही.

घरी आईनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चांगुणाला ठाऊक हाये का?"

ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं. आवाज अगदी साधा. "पोरगा व्हता, दादा. पहिला तोच झाला. म्हातारी म्हन्ली, येकदा पाज त्याला, मंग जा. मी पाजलं. लई भुकेला व्हता."

यापुढं ती त्याच्याविषयी रडली नाही. मला वाटलं, विसरली. पण उन्हाळ्याच्या तोंडाला तिला सासरी पोचवायला निघालो तेव्हा ती म्हणाली, नावेनंच जायचं. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा भिवाजी, न्यायला आला होता. त्याचंही तिनं ऐकलं नाही. दुसरा नावाडी केला. मांडवीच्या पाण्यावर आलो तसं तिनं नाव थांबवायला सांगितलं. मनकर्णेला, भाचीला, माझ्याकडं दिलं. आम्हाला पाठ करून नावेच्या काठावर वाकून बसली. आम्ही तिघं गडी दुसरीकडं बघत राहिलो. मग मी सहज खाली पाहिलं तर पाण्यात दुधाची पांढरी रेघ होती. ती पसरत नव्हती. सरळ खाली जात होती.

मनकर्णा वाढत गेली. मोठी हसरी पोर. फक्त एक गोष्ट होती. तिला ताप आला की चांगुणा दोन जणांचा काढा करायची. एक तिला द्यायची आणि एक घेऊन पाण्याकडं जायची. भिवाजी आधी चिडला, मग गप्प बसला. चांगला माणूस. त्यानं तिला कधी वेडी म्हटलं नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं. इतकं, की जुन्या मांडवीचा माथ्यावरचा भाग उघडा पडला. भिंतींचे पाये, उखळं, एक रांजण. लोक बघायला जाऊन राहिले होते. चांगुणानं निरोप धाडला, दादा, मला ने. मी रजा टाकली. आम्ही तिघं गेलो, ती, मी आणि मनकर्णा. पोरगी तेव्हा पाच वर्षांची.

गाळ वरून वाळून भेगाळला होता, पाण्याजवळ मऊ होता. माणसांची वर्दळ सगळी वरच्या अंगाला. खाली, घरांच्या पायांपाशी, कुणी उतरलं नव्हतं. तरी तिथं पावलं होती.

लेकराची पावलं. अनवाणी. पाण्यातून निघून एका घराच्या जोत्यापर्यंत आलेली, तिथून पुन्हा पाण्याकडं गेलेली. उजवा पाय सगळा उमटलेला. डाव्याची नुसती बोटं आणि चवडा.

मी पुढं बघितलं. मनकर्णा दगडांवरून चालली होती, डावी टाच उचलून, चवड्यावर. आदल्या दिवशी तिला बाभळीचा काटा लागला होता. सकाळीच चांगुणानं सुईनं तो काढला होता. पण टाच अजून दुखत होती.

चांगुणा त्या पावलापाशी खाली बसली. अर्ध्या ठशावरून तिनं बोट फिरवलं.

"मनूचा मी काढला, दादा," ती म्हणाली. "ह्याचा कोण काढंल?"

मी तिला हाताला धरून उठवायला लागलो. तिनं हात सोडवला. "तू पोरीला घेऊन वर जाय. मी येते. मागं बघू नको."

"चांगुणा, मी तुला इथं एकटीला सोडनार न्हाई."

"एकटी कुटं हाये मी?"

मी मनकर्णेला खांद्यावर घेतलं आणि टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसलो. ऊन कलत आलं होतं. पोरगी माझ्या मांडीवर चिखलाचे बैल करत होती. मधेच तिनं हातातला बैल टाकला, डावा पाय आखडून घेतला आणि कळवळली.

"काय झालं गं?"

"दुखलं." ती टाच धरून जरा वेळ बसली. मग हसली. "थांबलं आता."

थोड्या वेळानं चांगुणा आली. कोपरापर्यंत गाळ, पदर ओला. पाण्यात हात धुतले नव्हते. तिनं मनकर्णेला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "चला."

त्या दोघी पुढं गेल्या. मी विडी पेटवायचं निमित्त करून मागं राहिलो आणि त्या जोत्यापाशी पुन्हा उतरलो. चांगुणा बसली होती तिथं तिच्या लुगड्याचा ठसा होता. तिथून पाण्याकडं नवी पावलं गेली होती, अजून ओली, त्यांत पाणी झिरपत होतं. लहान, अनवाणी, पळत गेल्यासारखी लांब लांब पडलेली.

डाव्या पायाची टाच त्यांत पूर्ण उमटली होती.